टार्टवरची नक्षी कोणाच्या हातची?

जुलैचा पहिला आठवडा आला की अमेरिकेतल्या बेकऱ्यांच्या काचेआड आणि घरोघरच्या ओट्यांवर एकच चित्र दिसू लागतं. लालभडक आंबट चेरीचं सारण, त्यावर मैद्याच्या पट्ट्यांची आडवी-उभी विणलेली जाळी, कडेला बोटांनी घातलेली मुरड आणि मधोमध कापून लावलेल्या पाच टोकांच्या चांदण्या. वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो, म्हणून चांदण्या तांबूस चकाकतात. जाळीच्या चौकटींतून उकळून वर आलेला पाक कडेला थोडा करपलेला असतो, आणि खरे खवय्ये आधी तोच खरवडून खातात. कुणी याला पाय म्हणतं, कुणी टार्ट. वरून झाकलेला तो पाय आणि उघडा तो टार्ट असा ढोबळ नियम आहे. जाळीवाला नेमका दोघांच्या बांधावर बसतो. ४ जुलै हा तिथला स्वातंत्र्यदिन. २०२६ च्या ४ जुलैला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात, तेव्हा या चांदण्यांचा भाव वधारणार हे सांगायला ज्योतिषी नको.

अशा वेळी जे लिहिलं-बोललं जातं त्यात ‘आजीच्या हातची चव’ हमखास असते. आजीबद्दल आमची तक्रार नाही, पण या गोष्टीत आजी फार उशिरा येते. तिच्याआधी सरदारांचे आचारी आहेत, लंडनचे पेस्ट्री शिकवणारे मास्तर आहेत, गुलाम आहेत, साखरेच्या काहिलींपाशी होरपळलेली माणसं आहेत. फळांच्या टार्टला दोन गोष्टी लागतात, साखर आणि सवड. त्यावर नक्षी काढायची तर सवड जरा जास्तच लागते. ही साखर कुणी पिकवली आणि ही सवड कुणाच्या जिवावर मिळाली, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या चांदण्यांचा इतिहास सांगून होत नाही, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये होते. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास जमवलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या पाकसंग्रहात सफरचंद, नाशपाती, अंजीर आणि मनुकांचा टार्ट आहे, केशराचा रंग दिलेला. त्या काळी बाहेरचं कवच म्हणजे भांडंच होतं. पीठ घट्ट मळायचं, त्याच्या उभ्या भिंती करायच्या, आत सारण भरून भाजायचं. असं जाडजूड कवच पुष्कळदा कुणी खातही नसे. पुढे पिठात लोणी आलं, कवच खुसखुशीत झालं आणि मग त्याच्यावर कलाकुसर करण्यात अर्थ उरला. १६६० मध्ये रॉबर्ट मे नावाच्या आचाऱ्याने ‘द अकम्प्लिश्ट कुक’ हे पुस्तक छापलं. मे लहानपणी फ्रान्समध्ये शिकून आला होता आणि जन्मभर सरदार घराण्यांत राबला होता. पाय-टार्टची झाकणं कशी कापावीत याच्या आकृत्या त्याने पुस्तकात दिल्या आहेत, बागेतल्या वाफ्यांसारख्या वळणदार. याच पुस्तकात एका मेजवानीचं वर्णन आहे. पुठ्ठ्यावर पीठ चढवलेलं जहाज, तसाच किल्ला, त्यांच्या तोफांत खरी दारू, पिठाच्या सांबराच्या अंगात बाण आणि तो उपसला की रक्तासारखी वाहणारी लाल वाइन. आणि दोन पायांची झाकणं उघडली की एकातून जिवंत बेडूक, दुसऱ्यातून जिवंत पक्षी. हे खाण्यासाठी नव्हतंच. यजमानाच्या पदरी किती माणसं आहेत ते पाहुण्यांना कळावं, यासाठी होतं.

नक्षीदार झाकणं तेव्हा वेगळी भाजत आणि फळांच्या मुरंब्यावर नंतर ठेवत. कापलेल्या भागांतून लाल, हिरवा, पिवळा असे रंग दिसले पाहिजेत हा हेतू. अठराव्या शतकात हे कौशल्य सरदारांच्या मुदपाकखान्यातून मध्यमवर्गाच्या हाती आलं. एडवर्ड किडर नावाचे एक गृहस्थ लंडनमध्ये चक्क पेस्ट्रीच्या शाळा चालवत आणि चांगल्या घरच्या स्त्रिया तिथे शिकायला येत. १७३९ मध्ये ते वारले. त्यांचं पुस्तक तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून छापलेलं होतं, नक्षीचे नमुने सोबत. म्हणजे ज्याला आपण परंपरेने आईकडून मुलीकडे आलेलं ज्ञान समजतो, ते निदान लंडनमध्ये तरी फी भरून मिळत होतं.

फळाची वाट आणखी लांबची. रोमन लेखक प्लिनी सांगतो की काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रांतातून लुकुलस या सेनापतीने चेरी इटलीत आणली. तिथल्या केरासुस गावाला आज गिरेसुन म्हणतात, ते तुर्कस्तानात आहे. इटलीतून ती युरोपभर गेली. पॅरिसच्या उत्तरेला माँमोरेन्सी नावाचं गाव आहे. तिथल्या आंबट चेरीने आपलं नाव जगभर नेलं आणि अमेरिकेतल्या पायांत आज मुख्यतः तीच असते. गोड चेरी हातात घेऊन खायला छान, पण भाजली की तिची चव बसते. आंबट चेरीतलं आम्ल उष्णतेलाही दाद देत नाही आणि साखरेशी त्याची झटापट शेवटपर्यंत चालू राहते. टार्टची सगळी गंमत त्या झटापटीत आहे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ही झाडं अटलांटिकपार नेली. थोडक्यात, अमेरिकेचा म्हणून मिरवणाऱ्या या पदार्थातलं फळ आशियाच्या उंबरठ्यावरचं, कृती इंग्लंडची आणि गहूही बाहेरून आलेला. यात लाजण्यासारखं काही नाही. मिरची-बटाट्यावर वाढलेल्या आपण तर त्याबद्दल बोलूच नये.

आता ४ जुलैकडे येऊ. जाहीरनाम्याचा मसुदा थॉमस जेफरसनने लिहिला. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, हे त्यातलं वाक्य जगभर गेलं. याच जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. १७८४ मध्ये तो राजनैतिक कामगिरीवर पॅरिसला निघाला तेव्हा त्याने त्यांच्यातला एक १९ वर्षांचा मुलगा सोबत नेला, फ्रेंच स्वयंपाक शिकवण्यासाठी. मुलाचं नाव जेम्स हेमिंग्ज. नात्याने तो जेफरसनच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊ होता. दोघांचे वडील एकच. तिथे हेमिंग्ज आधी एका खानपानवाल्याकडे राहिला, मग एका पेस्ट्रीवाल्याकडे, मग काँदेच्या राजपुत्राच्या आचाऱ्याकडे. त्याने फ्रेंच भाषा शिकून घेतली आणि जेफरसनच्या पॅरिसमधल्या घरात मुख्य आचारी म्हणून पगारही घेतला. फ्रान्सच्या भूमीवर त्याला न्यायालयात अर्ज करून स्वातंत्र्य मागता आलं असतं. १७८९ मध्ये तो मालकाबरोबर परत आला. का आला, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. घरी आई होती, भावंडं होती, एवढं म्हणून आम्ही थांबतो.

पुढचा कागद फार बोलका आहे. १७९३ च्या सप्टेंबरात जेफरसनने लिहून दिलं की हेमिंग्जने आपल्यासारखाच दुसरा आचारी तयार करून द्यावा, मग त्याला मुक्त करू. हेमिंग्जने आपल्याच धाकट्या भावाला, पीटरला, शिकवलं. म्हणजे स्वतः सुटण्यासाठी भावाला त्या चुलीपाशी उभं करावं लागलं. १७९६ च्या फेब्रुवारीत त्याला मुक्तीचा कागद मिळाला. त्याच महिन्यात त्याने माँटिचेलो या जेफरसनच्या घराच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहिली. तांब्याची पातेली, झाकणं, भाजायचे साचे, एकेक मोजून. ती यादी आज जपून ठेवलेली आहे. मुक्त होणाऱ्या माणसाने मागे काय सोडलं, याचा इतका कोरडा आणि इतका पुरेसा हिशेब क्वचितच सापडतो. पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, त्याने आत्महत्या केली.

चांदण्यांचा टार्ट हेमिंग्जने केला असा आमचा दावा नाही. पण फ्रेंच पद्धतीची नाजूक पेस्ट्री अमेरिकेतल्या बड्या घरांत ज्यांच्या हातांनी पोचली त्यांत तो अगदी पुढे होता, आणि त्या हातांवर मालकी दुसऱ्याची होती. पुढे जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने एडिथ फॉसेट आणि फॅनी हर्न या दोन गुलाम तरुणींना राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली ठेवलं. १८५२ मध्ये फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या वक्त्याने रॉचेस्टरच्या सभेत विचारलं, की गुलामाला तुमच्या ४ जुलैचं काय? ती सभा ५ जुलैला होती.

साखरेचा हिशेब तर याहून मोठा. सिडनी मिन्झ या मानववंशशास्त्रज्ञाने ‘स्वीटनेस अँड पॉवर’ या १९८५ च्या ग्रंथात दाखवलं आहे की ब्रिटनमध्ये १७०० च्या सुमारास माणशी वर्षाला साधारण ४ पौंड साखर लागत होती, १८०० मध्ये ती १८ पौंडांवर गेली. ही वाढ कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या कष्टांवर झाली. आंबट फळांचा टार्ट सामान्य घरात आला तो या साखरेमुळेच. अमेरिकेत लुइझियाना हे साखरेचं राज्य. तिथे रस आटवण्यासाठी उघड्या काहिली एका ओळीत मांडत आणि गुलाम मजूर लांब दांड्याच्या डावांनी उकळता रस एका काहिलीतून दुसरीत ओतत. भाजणं, पोळणं रोजचं. ही पद्धत मोडीत काढणारा माणूस होता नॉर्बेर रिल्यू. १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला, बाप गोरा मळेवाला, आई स्वतंत्र पण कृष्णवर्णीय. तो पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकला. बंद भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवायचा आणि एका भांड्याच्या वाफेवर पुढच्या भांड्यातला रस उकळायचा, ही त्याची युक्ती. त्याचं पेटंट १८४३ मध्ये मिळालं. इंधन वाचलं, साखर पांढरी झाली, स्वस्तही झाली. सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांत उसाचा रस ज्या इव्हॅपोरेटरमध्ये आटतो त्याचं तत्त्व हेच आहे. बॉयलर पेटवण्याच्या समारंभात तिथे अनेकांच्या नावाचे नारळ फुटतात. रिल्यूच्या नावाचा एखादा फुटायला हरकत नाही.

साखर आली तरी उन्हाळ्यातला टार्ट सोपा झाला नाही. टार्टच्या पारीला मोहन लागतं ते थंडगार लोण्याचं. मैद्यात लोण्याचे बारीक खडे तसेच राहिले पाहिजेत. भट्टीत गेल्यावर लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती थर उचलते आणि कवच पापुद्र्यांचं होतं. लोणी आधीच पाघळलं तर पीठ ते पिऊन टाकतं आणि हाती येते चिवट पुरी. जुलैच्या उकाड्यात ही लढाई हरण्यासारखीच. म्हणून बायका पहाटे उठून पीठ मळत, विहिरीचं पाणी वापरत, संगमरवरी लादीवर लाटत, आणि लोण्याऐवजी पुष्कळदा डुकराची चरबी घेत. बर्फाने यात फरक पडला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हिवाळ्यात तळी गोठली की बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुश्शात गुंडाळून विकायला सुरुवात केली आणि घरोघर बर्फाच्या पेट्या येऊ लागल्या. हाच बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला पोचला आणि लगोलग मुंबईतही. सर जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमान-पाहुण्यांना पडसं झालं, अशी बातमी तेव्हा ‘मुंबई समाचार’ने दिली होती. मुंबईचं बर्फघर जिथे होतं तिथे आज फोर्टातली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे.

नक्षीच्या हत्यारांची एक हकीकत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. करंजी कापायचं आपलं कातण असतं ना, दाते असलेलं छोटं चाक, तसंच चाक पायची कड कापायला लागतं. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधून देवमाशांच्या शिकारीला गेलेली जहाजं दोन-दोन, तीन-तीन वर्षं परतत नसत. रिकाम्या वेळात खलाशी देवमाशाच्या दातांतून आणि हाडांतून ही कातणं कोरत, घरी बायकोला द्यायला. न्यू बेडफर्डच्या देवमासा संग्रहालयात ती मांडून ठेवलेली आहेत: कुणाची मूठ घोड्याच्या मानेसारखी, कुणाची सापासारखी वळलेली, काहींना एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला वाफेची भोकं पाडायचा काटा. नवरा समुद्रावर आणि बायको त्याच्याशिवाय घर चालवणारी. दोघांमधला हा दुवा पिठाची कड कापण्याचा. ‘आजी’ या गोष्टीत येते ती इथे. आमच्या मते ती आली तेव्हाही तिची सवड ही काही फुरसत नव्हती. लाकडाच्या चुलीवर, उकाड्यात, दहा माणसांचं जेवण आटोपून मग तिने ही जाळी विणली.

त्यानंतरचा इतिहास सोयींचा आहे आणि तो भराभर सांगता येतो. १८५८ मध्ये जॉन मेसनने फिरकीच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट घेतलं आणि चेरी वर्षभर टिकू लागली. त्याच्याही आधी, १८०६ मध्ये, वीम्स नावाच्या पाद्र्याने वॉशिंग्टनच्या चरित्रात लहानग्या जॉर्जने चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवल्याची कथा घुसडून दिली होती. तिच्या जोरावर चेरी पाय फेब्रुवारीत, वॉशिंग्टनच्या वाढदिवसालाही खाल्ला जाऊ लागला, म्हणजे जेव्हा झाडावर एक पान नसतं तेव्हा. १९११ मध्ये सरकीच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेलं ‘क्रिस्को’ बाजारात आलं. ते उन्हाळ्यात पाघळत नसे, त्यामुळे पेस्ट्री करणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. त्याचाच चुलतभाऊ डालडा १९३७ मध्ये आपल्याकडे आला आणि दिवाळीच्या फराळात शिरला. अशा तुपांतल्या ट्रान्स फॅटवर अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१५ मध्ये बंदीचा निर्णय घेतला. शंभर वर्षं ज्याला शुद्ध आणि आधुनिक म्हटलं, ते हृदयाला घातक ठरलं.

आज अमेरिकेतल्या आंबट चेरीपैकी सुमारे पाऊण हिस्सा मिशिगन या एकट्या राज्यात पिकतो. १८५२ मध्ये पीटर डॉहर्टी या मिशनऱ्याने ट्रॅव्हर्स सिटीजवळच्या द्वीपकल्पावर चेरी लावली. मिशिगन सरोवराचं थंडगार पाणी वसंतात हवा गार ठेवतं, मोहोर उशिरा फुटतो आणि दहिवरातून वाचतो, हे त्या जागेचं मर्म. २०१२ मध्ये हे गणित चुकलं. मार्चमध्येच उन्हाळ्यासारखा उकाडा झाला, झाडं फसली आणि मोहरली, मग एप्रिलच्या दहिवराने तो मोहोर जाळला. राज्यातलं सुमारे ९० टक्के पीक गेलं. अवकाळीने आंबा गेलेल्या देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. पीक आलं तरी भावाची खात्री नाही. तुर्कस्तानातून येणाऱ्या स्वस्त सुक्या चेरीविरुद्ध अमेरिकी उत्पादकांनी २०१९ मध्ये तक्रार केली. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या व्यापार आयोगाने ती फेटाळली. लुकुलसने जिथून चेरी नेली त्याच मुलखाशी हे भावाचं भांडण.

आणि एक गोष्ट सणाच्या गडबडीत कुणी बोलत नाही. ट्रॅव्हर्स सिटीत १९२० च्या दशकापासून चेरीचा मोठा उत्सव होतो आणि तो ४ जुलैच्या आसपास असतो. पण तिथली आंबट चेरी बहुधा जुलैच्या मध्याशिवाय तयार होत नाही. त्यामुळे स्वातंत्र्यदिनाच्या टार्टमध्ये पुष्कळदा गेल्या वर्षीची गोठवलेली किंवा डब्यातली चेरी असते. वर चांदण्या ताज्या, आत सारण शिळं. अलीकडे तर पारी विकत, सारण विकत आणि वेणीची, पानाफुलांची नक्षी मात्र दोन-दोन तास खपून, फोटोसाठी. रॉबर्ट मेच्या पिठाच्या किल्ल्याची जात हीच. बघणाऱ्यावर छाप पडली की काम झालं.

हौसेला आमचा विरोध नाही. नक्षी जरूर काढावी. सणाच्या पक्वान्नासाठी दोन तास खपणं हा माणसाचा हक्क आहे, विशेषतः ज्यांच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या ताटासाठी खपावं लागलं त्यांचा. आम्हाला खटकतो तो या पदार्थाला लावला जाणारा साधेपणाचा, निष्पाप घरगुतीपणाचा मुलामा. २५० व्या वर्धापनदिनी जे मोठमोठे टार्ट कापले जातील, त्यांच्या शेजारी हेमिंग्जच्या भांड्यांच्या यादीची एक प्रत लावली तर कुणाच्या तोंडची चव बिघडू नये. बिघडली तर तेही बरंच.

मिशिगन, विस्कॉन्सिन, न्यूयॉर्क या चेरीच्या राज्यांत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन बागेत फळं तोडायला जाण्याची चाल त्यांच्यात चांगली रुजली आहे. त्यांना एकच सांगणं आहे. ४ जुलैचा हट्ट सोडा, दोन आठवडे थांबा. बागेतून आंबट चेरी आणा, बिया काढा, लोणी फ्रीजमधून अगदी शेवटच्या क्षणी बाहेर काढा आणि सारण जाळीतून मधोमध खदखदताना दिसेपर्यंत टार्ट भट्टीतून काढू नका, नाहीतर पाक धरणार नाही. जाळी वाकडी झाली तर होऊ द्या. आणि मुलांनी विचारलं की अशी नाजूक पेस्ट्री इथे कुणाच्या हातांनी पोचली, तर त्यांना जेम्स हेमिंग्जचं नाव सांगा.